गोठ्याच्या विटा

धुळाजीला भिंतींचं काही कळत नव्हतं. पन्नाशी ओलांडेपर्यंत त्याचं भिंतींशी काही कामच पडलं नव्हतं. मेंढरं जिथं बसली तिथं त्याचं घर. पाठीवर संसार लादलेलं एक घोडं, तीन दगडांची चूल, वर आभाळ. दिवाळीनंतर धारूरच्या डोंगरउतारावर, उन्हाळ्यात माजलगावच्या धरणाखालच्या रिकाम्या रानात. कडूबाई लग्न होऊन आली ती याच वाटेवर. योगिताही याच वाटेवर जन्मली, एका बाभळीखाली, घोंगडीच्या आडोशाला. त्याबद्दल धुळाजीला कधी वाईट वाटलं नव्हतं.

वाईट वाटलं ते योगिताच्या लग्नानंतर. लग्न पाहुण्यांच्याच दारात लावावं लागलं, कारण धुळाजीला दारच नव्हतं. जावई भागवत माजलगावकडच्या एका साखर कारखान्यात फिटर. मुलगा शांत. सासू छबुबाई मात्र फटकळ. पहिल्याच पंचमीला चार बायकांत ती म्हणाली, "सुनंला माहेरी धाडायचं म्हणलं, तर कुण्या माळावर धाडू?"

बायका हसल्या. योगिताही हसली. ते हसणं योगितानं नंतर आईला सांगितलं आणि कडूबाईनं धुळाजीला. वर्षाच्या आत त्यानं कळप विकला. डझनभर मेंढ्या ठेवल्या आणि तलवाड्यात एक जुनं विटांचं घर घेतलं.

घर मोठं नव्हतं. दोन खोल्या, पुढं ओटा, मागं पडका गोठा. आधीचे मालक शहरात गेलेले. विटा जुन्या घडणीच्या, पातळ, तांबूस, चुन्यात बसवलेल्या. धुळाजी पहिल्या दिवशी आत गेला आणि खोलीच्या मधोमध उभा राहिला. भिंतीला टेकला नाही. कडूबाईला त्याचं हसू आलं.

"बसा की. घर हाय ते. पळून जायचं न्हाई."

"त्याचं न्हाई," धुळाजी म्हणाला. "कुटं बसावं ते कळंना."

श्रावणात योगिताला दिवस गेल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, फाल्गुनात. धुळाजी माजलगावहून ती बातमी घेऊन आला, चहाही न घेता पुढच्या खोलीत गेला आणि पहिल्यांदा त्यानं भिंतीला हात लावला. हाताबरोबर पापुद्रा निघाला. वरचा सिमेंटचा थर जाड आणि टणक होता. त्याच्या मागची वीट मात्र ओली, लाल पिठासारखी. बोट आत जात होतं.

"ह्या खोलीत लेकरू ठेवायचं?" तो म्हणाला.

तिथून तो भिंतीच्या मागं लागला.

आधी तो गावातल्या सिमेंटच्या दुकानात गेला. दुकानदार पोरगेलासा होता. त्यानं बादल्या, पुड्या, डबे पुढं मांडले.

"आबा, जुनं समदं खरडा. वरून शिमिट मारा, त्याच्यावर हे वाटरप्रूफ मारा. पन्नास वर्षं बघायचं काम न्हाई."

"पन्नास वर्षं मी बघणारच न्हाई बे," धुळाजी म्हणाला. "तू फाल्गुनाचं बोल."

तो माल न घेता परतला, कारण त्याला धारूरचा हनुमान मिस्त्री आठवला. हनुमाननं तरुणपणी जुन्या देवळांच्या आणि बुरुजांच्या डागडुजीवर चुन्याचं काम केलं होतं. डोंगरावर मेंढरं असताना धुळाजी त्याला दूध द्यायचा. ओळख तेवढीच, पण हनुमान आला. भिंतीवर बोटाची गाठ वाजवत सगळ्या घरातून फिरला.

"कमरेइतकं शिमिट कुणी मारलं?"

"मागल्या मालकानं."

"तिथंच घोळ झालाय. जुनी वीट मऊ असती. खालून पाणी पिती, वाऱ्याउन्हात सोडून देती. शिमिटानं तिचं तोंड बांधलं. पाणी आत आलं, बाहेर जायला वाट न्हाई. आतल्या आत कुजली ती."

धुळाजीनं जरा विचार केला. "म्हणजे वलं मेंढरू गोणपाटात गुंडाळून ठिवल्यावानी."

"असंच म्हण."

"मग लोकर सडती. किडे पडत्यात."

"तर! तुला कळलं, लोकायला कळत न्हाई." हनुमान ओट्यावर टेकला. "ह्या विटंला चुनाच पायजे. विटेपेक्षा माल कडक झाला की वीट मरती. माल विटेपेक्षा मऊच पायजे. भिंतीला हलायला, वाळायला जागा पायजे."

"मग चुना. पण फाल्गुनाच्या आत."

"चुना कुणाच्या पोटुशा लेकीसाठी थांबत न्हाई अन् पळतबी न्हाई," हनुमान हसून म्हणाला. "दोन महिने त्याला पाण्यातच बसू द्यायचं."

भाद्रपदात अंगणात खड्डा खणला. भट्टीतून आणलेली चुनकळी पाण्यात पडली तेव्हा खड्डा उकळू लागला. वाफेचे लोट उठले, मेंढ्या बिचकून दूर पळाल्या. धुळाजी काठावर उकिडवा बसून लहान पोरासारखा बघत राहिला. नंतर रोज सकाळी तो खड्ड्यावरचं पाणी बघायचा, कमी झालं की घालायचा. कडूबाई म्हणायची, "म्हशीला बी येवढं पाणी पाजलं न्हाई तुमी."

"म्हैस कवा हुती आपल्याकडं?"

"तेच म्हणते मी."

बाकी सामानाची जुळवाजुळव सुरू झाली. वाळू सिंदफणा नदीची, पण तीन पाण्यानं धुतलेली. गूळ काळा, बिनमसाल्याचा, कारण पांढऱ्या गुळातल्या औषधाचा हनुमानला भरवसा नव्हता. हिरडे भिजवून त्यांचं पाणी. बेलफळांचा गर. अंबाडीचे धागे बोटभर कापून. आणि सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेचा भुगा. सुरखी चुन्याला धरून ठेवते, ओलीतही माल पकडतो.

"वीट नव्या भट्टीची घेऊ नका," हनुमाननं बजावलं. "निस्ती राख असती तिच्यात. जुनी, नीट भाजलेली बघा."

एवढं सांगून तो धारूरला गेला. जुनी वीट कुठून आणणार हे त्यानं विचारलं नाही.

धुळाजी गावभर फिरला. जुनं घर पाडलेलं कुठं सापडेना. त्या दिवशी कडूबाई मेंढ्यांना पाणी दाखवायला मागं गेली होती. गोठ्याची एक भिंत पडून विटांचा ढीग झालेला. त्या गोठ्यात आधीच्या मालकांच्या तीन पिढ्यांचे बैल बांधलेले. आता धुळाजीच्या मेंढ्या. ती आत आली आणि म्हणाली, "आवं, गावभर कावून फिरता? मागं ढीग पडलाय की. जुन्याच विटा, ह्याच घराच्या. घराचं घराला लागंल."

धुळाजीचा चेहरा उजळला. "तुझं डोकं लई चालतंय बघ. तुलाच मिस्त्री करायला पायजे हुतं."

दोघांनी मिळून त्या विटा कुटल्या. तो घणानं फोडायचा, ती चाळायची. विटा हलक्या हातानं फुटत होत्या. दोन घावांत पीठ. कडूबाईला बरं वाटलं. तिला वाटलं, घरच आपल्याला हात देतंय.

गोठ्याची जी भिंत उभी होती ती मेंढ्या रोज संध्याकाळी चाटायच्या. एकीनं सुरू केलं की बाकीच्या रांगेनं उभ्या राहायच्या. धुळाजी ते कौतुकानं दाखवायचा. "माझ्या मेंढ्यायला घर गोड लागलं," असं शेजारच्या राधाकिशनला तो दोनदा तरी म्हणाला होता.

दिवाळीनंतर हनुमान येऊन राहिला. सिमेंटचा थर छिन्नीनं हळूहळू काढला. कुजलेल्या विटा एकेक करून उपसल्या आणि त्यांच्या जागी ओट्याच्या कडेच्या चांगल्या विटा बसवल्या. मग गिलावा. ओला गिलावा लाकडी थापीनं ठोकत बसायचं, तडे बुजेपर्यंत. हनुमाननं भिंतीवर ओली गोणपाटं लावून ठेवायला सांगितलं. सावकाश वाळू द्यायचं. धुळाजी गोणपाटं भिजवायला उठायचा तशी कडूबाई म्हणायची, "म्या भिजवते, तुमी बसा." तो बसायचा नाही.

गोणपाटं काढली तेव्हा भिंत फिकट गुलाबी निघाली. गाजराच्या हलव्यासारखी, असं कडूबाई म्हणाली. धुळाजी पहिल्यांदा त्या भिंतीला पाठ टेकून बसला. बराच वेळ बसला. मग त्यानं सांगून टाकलं, "योगिची बाज हितं. डोकं ह्या अंगाला. पाळणा त्या आढ्याला."

मार्गशीर्ष सरता सरता भिंतीवर पांढरं काहीतरी दिसलं. बारीक लव, कापसासारखी. धुळाजीनं केरसुणी फिरवली. चार दिवसांनी पुन्हा. जास्त. त्याला वाटलं चुनाच फुललाय. भिंत नवी आहे, बसेल हळूहळू.

एका दुपारी दार उघडं राहिलं आणि एक मेंढी आत शिरली. धुळाजी तिला हाकलायला गेला आणि दारातच थांबला. मेंढी नवी भिंत चाटत होती. डोळे मिटून, सावकाश, गोठ्यातली चाटायची तशी.

त्यानं तिला हाकललं नाही. भिंतीजवळ गेला. बोटावर ती पांढरी लव घेऊन जिभेला लावली. खारट, थंड.

हनुमानला निरोप गेला. तो आला, भिंत बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"लोणा हाय ह्यो, मीठ फुटलंय भिंतीतून. कुटून आला? चुन्यात न्हाई, वाळू तर धुतलेली." तो वळला. "सुरखीला विटा कुठल्या घेतल्या?"

कडूबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिनं तोंड उघडलं.

"म्या आणल्या," धुळाजी म्हणाला. "मागल्या गोठ्यातल्या. मला वाटलं जुन्या हायेत."

हनुमाननं कपाळावर हात मारला. "आरं, गोठ्याची वीट! पिढ्यान् पिढ्या जनावराचं मूत पिलेली. मिठानंच पोखरलेली, म्हणून तर पटकन फुटली असंल. ते समदं मीठ आपुन कालवून भिंतीला लावलं." मग तो खाली बघत म्हणाला, "चूक माझी बी हाय. म्या इचारायला पायजे हुतं."

"तुमची कशाची चूक, मिस्त्री. विटा म्या आणल्या."

हनुमान गेल्यावर कडूबाई त्याच्यासमोर जाऊन बसली.

"आवं, विटा म्या सांगितल्या हुत्या."

"वाहिल्या कुणी?"

"सांगितलं कुणी?"

"मेंढरं रोज चाटत हुती," धुळाजी म्हणाला. "धनगराला कळाया नको, मेंढरू भिंत कावून चाटतंय? तीस वर्षं मीठ चारलं म्या त्यांना. तू गप बस."

तिला वाटलं, पुढं कधीतरी बोलू.

संक्रांतीनंतर छबुबाई आणि भागवत योगिताला घेऊन आले. ओटी भरून झाली होती. योगिता जडावली होती, दमली होती, पण गाडीतून उतरताना हसत होती. धुळाजीनं खोली झाडून घेतली होती. भिंतीवरची लव पहाटेच पुसली होती. तरी खालच्या अंगाला गिलाव्याचे फोड आले होते आणि बाज जिथं ठेवली होती तिथं उशीवर दोन खपल्या पडल्या.

छबुबाईनं त्या उचलल्या. बोटांत चुरल्या. भिंतीला तळहात लावला.

"वली हाय," ती म्हणाली. यावेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "इवाई, राग धरू नका. कवळं लेकरू हाय. वल्या भिंतीपाशी कसं निजवू?"

"माझी चूक हाय, इहीणबाई," धुळाजी म्हणाला. "खराब विटा घातल्या म्या. अक्कल न्हाई भिंतीतली. पण दोन महिने हायेत. काढतो समदं."

"दोन महिन्यांत वाळंल?"

धुळाजीनं हनुमानकडून ऐकलेलं सगळं सांगायला सुरुवात केली. गिलावा खरवडायचा, मग नदीचा पोयटा धुऊन, त्यात जुन्या कागदाचा लगदा कालवून भिंतीला लेप द्यायचा. लेप वाळताना मीठ ओढतो. काढायचा, पुन्हा द्यायचा. बोलता बोलता तो थांबला, कारण हनुमाननं किती वेळा ते सांगितलं नव्हतं.

"आबा," योगिता म्हणाली, "मी राहते की. ओट्यावर निजीन. बाभळीखाली जन्मले मी."

"गप," धुळाजी म्हणाला. "तुझं लेकरू बाभळीखाली न्हाई जन्मायचं."

गाडी तिला घेऊन परत गेली. तिची पिशवी उतरवलीच नव्हती.

कडूबाई सगळा वेळ चुलीपाशी होती. ती पोळ्या लाटत राहिली. विहिणीसमोर नवऱ्यानं स्वतःला अक्कल नाही म्हणवून घेतलं. ते शब्द तिचे होते. ते तिनं घ्यायला हवे होते.

दुसऱ्या दिवसापासून धुळाजी भिंतीला लागला. जो गिलावा इतक्या मायेनं ठोकला होता तो खरवडून काढायला लागला. हनुमान येऊन लेपाची रीत दाखवून गेला. पांढरी माती वापरायची नाही, तिच्यात मीठ असतं, हेही बजावून गेला. यावेळी धुळाजीनं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. पोयटा कुठल्या काठाचा? पाणी कुठल्या विहिरीचं? पाटीसुद्धा चाखून बघू का? हनुमान हसला. धुळाजी हसला नाही. तो खरंच चाखत होता. मूठभर माती, बोटभर पाणी, सगळं जिभेवर ठेवून बघायचा आणि मग भिंतीला लावायचा.

"बाळंतपण तर गेलं," तो कडूबाईला म्हणाला. "पण बारसं हितं करू. सव्वा महिन्यानं येईल ती."

पहिला लेप सोलला तेव्हा त्याच्या पाठीवर पांढरं मीठ दाट बसलेलं. दुसऱ्यालाही तेवढंच. तिसरा त्यानं माघात दिला. त्या दिवशी ऊन चांगलं होतं. जेवून तो पुन्हा खोलीत गेला. कडूबाई भांडी घासत होती. आतून थापण्याचा आवाज येत होता. मग थांबला. तिला वाटलं, टेकला असेल जरा. तिला बरंच वाटलं.

चहा झाल्यावर ती आत गेली. तो भिंतीसमोर बसला होता, मांडी घालून, हात चिखलात. डोकं छातीवर. तिनं हाक मारली. लेप अर्ध्यापर्यंत दिलेला होता. वरची अर्धी भिंत उघडी. तिनं पुन्हा हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, हृदय. झटका मोठा होता, काही करता आलं नसतं. लोक आले, लोक गेले. राधाकिशननं मेंढ्या सांभाळल्या.

योगिताला आणलं नाही. आठवा सरलेल्या बाईला मयताला नेत नाहीत. भागवत एकटा आला, खांदा दिला, डोळे पुसत परत गेला. तिला दोन दिवस सांगितलंही नव्हतं. मग सांगितलं. फाल्गुनात ती माजलगावला दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी.

धुळाजीचे दिवस उरकल्यावर हनुमान भेटायला आला. अर्धा लेप भिंतीवर वाळून तडकलेला होता.

"काढू का?" कडूबाईनं विचारलं.

"वैनी, आता कशाला करता? पुन्हा कवातरी बघू."

"काढू का ते सांगा."

"काढा," हनुमान म्हणाला.

तिनं तो काढला. तो धुळाजीच्या हातचा. त्यात त्याच्या बोटांचे फराटे होते. तुकडे निघत होते तसे ती पाटीत ठेवत गेली आणि पाटी भरली तेव्हा ती कुठं टाकावी हे तिला कळेना. हनुमाननं ती तिच्या हातातून घेतली आणि गावाबाहेर नेऊन रिकामी केली. मग तिनं चौथा लेप दिला. एकटीनं. माती चाखून.

वैशाखाच्या तोंडावर योगिता आली. छबुबाई, भागवत, आणि फडक्यात गुंडाळलेली पोर. बारसं माजलगावलाच उरकलं होतं. आरोही नाव ठेवलेलं. योगिता आईच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या, थांबल्या. मग योगिता पुढच्या खोलीत गेली आणि लेपानं काळी दिसणारी भिंत बघत उभी राहिली.

छबुबाई दारात उभी होती. तिला काहीतरी बोलायला हवं होतं.

"भोळा माणूस," ती म्हणाली. "लई केलं हो लेकीसाठी. तेवढी एक चूक झाली त्यायच्या हातून. विटा बघून घ्यायला पायजे हुत्या."

कडूबाईनं पोरीला मांडीवर घेतलं होतं. तिनं मान वर केली.

"विटा म्या सांगितल्या हुत्या."

कडूबाईनं पोरीचं फडकं सारखं केलं.

"गोठ्याच्या विटा घ्या, हे म्या सांगितलं. त्यायला गावात दुसऱ्या शोधायच्या हुत्या. मिस्त्रीसमोर त्यायनं सोतावर घेतलं. तुमच्यासमोर बी घेतलं. म्या चुलीपाशी बसून ऐकलं."

"जाऊ द्या आता," छबुबाई म्हणाली. "आता कावून सांगता?"

"न्हाई सांगितलं तर त्यांच्याच नावावर राहील."

योगिता वळली. ती आईशेजारी येऊन बसली. पोरगी रडायला लागली, तिला तिनं घेतलं आणि पदराखाली धरलं. छबुबाई जरा वेळानं ओट्यावर गेली आणि भागवतला म्हणाली, गाडी सावलीत लाव, घाई नाही.

घाई नव्हती, पण राहायचंही नव्हतं. भिंत ओली होती. ऊन उतरल्यावर योगिता निघाली. कडूबाईनं नातीच्या कपाळाला काजळ लावलं, तळव्यालाही लावलं.

"आई, पुन्हा कवा येऊ?"

कडूबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं मागं वळून भिंतीकडं बघितलं. पाचवा लेप अजून सुकायचा होता. हनुमान म्हणाला होता, पुढच्या दिवाळीपर्यंत तरी चालेल, कदाचित त्याच्याही पुढं.

"वाळली की निरोप देते," ती म्हणाली.

योगितानं मान हलवली आणि गाडीत बसली.